काटा सत्तरावर

तिरवळच्या ग्रामसभेला त्या दिवशी शाळेतली अकराही मुलं हजर होती, आणि अकराच्या अकरा म्हातारी होती. कुणाला टक्कल, कुणाला जाड भिंगांचा चष्मा, कुणाच्या तोंडाचं पार बोळकं झालेलं. पंचायतीच्या भिंतीवर बसवलेल्या पुरुषभर उंचीच्या काचेत ती ओळीने येऊन बसली, आणि त्यांचे खरेखुरे आजी-आजोबा समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून त्यांच्याकडे टकामका बघत राहिले.

आता तिरवळचे म्हातारे म्हणजे धोतर-टोपीवाले समजू नका. ही सगळी संदेश, सुहास, नंदकिशोर, मंजिरी अशा नावांची माणसं, रंगीत टीव्हीसमोर मांडी घालून वाढलेली. कॉलेजात असताना त्यांच्याही डोक्यावर जेलने उभे केलेले केस होते. आता डोकंच उभं राहायला कंटाळत होतं.

सुहास पालव वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन. त्यांनी काचेत आपली नात शोधली. सकाळीच ती त्यांच्या चष्म्याला टूथपेस्ट फासून शाळेत पळाली होती. दुसऱ्या रांगेत ती बसली होती, सत्तर वर्षांची मिहिका. नाक पालवांचं, पण हनुवटी आणि मान किंचित तिरकी ठेवायची लकब थेट वैजूची. वैजू म्हणजे वैजयंती, सुहासरावांची बायको. झटका आल्यापासून तिचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलेली, आणि ती घरी खाटेवर.

रिवाजाप्रमाणे सभेआधी नंदू तावड्यांनी उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां हंयसर जमली हत. तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा प्रतिसाद आला, आणि खुर्च्यांवरच्या माणसांपेक्षा काचेतून मोठा आला. नंदूदादा चपापून मागे सरकले. सभा हसली.

ही काच आली कुठून, तेही सांगायला हवं. राज्यात पाळण्यांपेक्षा कुबड्या जास्त खपू लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. मतं मागायला येणारे गुडघ्यांवर बोलत, गोळ्यांवर बोलत, पेन्शनीवर तर गहिवरून बोलत. पाटी-दप्तराचा विषय कुणी काढीना, कारण दप्तरवाल्यांना मत नव्हतं. तिजोरी एकच, तिच्यावर हक्क दोघांचा, आणि बोलता येत होतं एकालाच. मग कुणा शहाण्याने कायदा आणला, मुलांनाही मत द्या. पण सात वर्षांच्या पोरीला अंदाजपत्रकातलं काय कळणार? म्हणून ही काच.

तिच्यामागचं शास्त्र पंचायतीतल्या बोधी जाधव या तंत्रसेवकाने गावाला व्हाळावर नेऊन समजावलं होतं. त्याने पाण्यात मूठभर कागदी होड्या सोडल्या. काही उलटल्या, काही भलत्याच बाजूला गेल्या, पण बऱ्याचशा खालच्या वळणावर एका दगडापाशी गोळा झाल्या. "यंत्र हेच करतं," बोधी म्हणाला. "मुलाचं रक्त, चाल, झोप, घरातली बोली, शाळेतली प्रगती हे सगळं त्याला द्यायचं. त्याच्या पोटात जन्मापासून शेवटापर्यंत नोंदलेली लाखो माणसांची आयुष्यं आहेत. त्यांच्याशी ताडून ते या एका मुलाची हजारो आयुष्यं जगून बघतं. जिथे जास्तीत जास्त आयुष्यं जमतात, त्यातलं मधलं उचलतं आणि त्याला चेहरा आणि आवाज देतं. हे भविष्य नव्हे हं. आजचं पाणी असंच वाहिलं तर होड्या कुठे अडकतील, एवढंच. पाणी बदललं की होड्या पुन्हा सोडायच्या. त्याला फेरगणन म्हणतात."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो वयाच्या काट्यात. काचेतलं मूल किती वर्षांचं दाखवायचं, हे ठरवायला समिती बसली. समितीतले सगळेच पिकल्या केसांचे. ते म्हणाले, आपल्याकडे सभेत पंचविशीच्या पोराचं ऐकतो कोण? मान मिळायचा तर वय दिसायला हवं. झालं, काटा सत्तरावर ठेवला. पालकाला तो सहीनिशी अठरापर्यंत खाली आणता येत होता, तशी सोय कायद्यात होती. पण अख्ख्या जिल्ह्यात एकाही घराने त्याला हात लावला नव्हता. आपलं लेकरू सत्तर वर्षांचं झालेलं डोळ्यांनी दिसतंय, आणि आपण हाताने काटा मागे ओढायचा? म्हणजे पोराचं आयुष्य कमी करायचं? असलं अभद्र काम कोण करील!

तर सभा. सरपंच ग्रीष्मा गावडे चाळिशीच्या, म्हणजे तिरवळच्या हिशेबाने अजून पोर. त्यांनी विषय मांडला. सरकारकडून गावाला एकच काहीतरी मिळणार होतं. एक तर शुश्रूषा केंद्र, म्हणजे नर्स, व्यायामाची यंत्रं, अंथरुणावरच्या माणसाला उचलणारा पाळणा. नाही तर शाळा चालू ठेवायची. दोन्ही मिळणार नाही. केंद्र घेतलं तर शाळा बंद, शाळा ठेवली तर अंथरुणाला खिळलेल्यांना तालुक्याच्या सेवासदनात जावं लागेल.

सुहासरावांचं पहिल्या पर्यायावरच ठरलं. केंद्र झालं तर वैजू घरी राहणार होती.

"आधी मुलांचं ऐकूया," सरपंच म्हणाल्या.

काचेतली मिहिका खुर्चीचा हात धरून कष्टाने उठली. "आबा, कसो आसस?"

भर सभेत हा प्रश्न! सुहासरावांनी नुसती मान हलवली.

"माझे गुडघे गेले रे. तुझ्यावर गेलंय." सभा हसली, तीही हसली, मग गंभीर झाली. "आजी पडान होती, तेव्हा गावात नर्स नाय होती. ता माका अजून आठवता. माझा मत केंद्राक."

तिच्यामागून बाकीचे दहा उठले. कुणाची कंबर, कुणाचा दमा, कुणाला रात्री पाणी द्यायला माणूस नाही. अकराच्या अकरा मुलांनी शाळेविरुद्ध हात वर केले. सुहासरावांचाही हात वर गेला, आणि डोळे भरून आले.

"सुहास," नंदूदादा कानाशी लागले, "तुझी नात तुझ्यापेक्षा शाणी निघाली रे!"

घरी पोचल्यावर सून रिद्धी पडवीत उभी होती. रिद्धी पनवेलची; तिचा नवरा, सुहासरावांचा मुलगा सोहम, बोटीवर नोकरीला. तिच्याशी बोलताना सुहासरावांची जीभ आपोआप पुस्तकी होई.

"बाबा, तुम्ही हात वर केलात?"

"केला. वैजूसाठी. आणि मिहिकेनेही केला, सांगून ठेवतो."

"मिहिका मागच्या अंगणात चिखलाचे लाडू वळतेय, बाबा. ती सात वर्षांची आहे." रिद्धीचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "शाळा बंद झाली की मी तिला घेऊन ताईकडे पनवेलला जाणार. सोहम बोटीवरून वर्षात दोनदा येतो, त्याला तिथेही येता येईल. हे मी काचेला विचारून सांगत नाहीये."

सुहासराव वहाणा काढून आत गेले. त्यांनी ते प्रकरण दुसऱ्या सभेवर ढकललं. कायद्यात दोन सभा होत्या. पहिलीत ठरवायचं आणि महिन्याभराने दुसरीत कायम करायचं. मधल्या काळात माणसांना अक्कल येईल, अशी कायदा करणाऱ्यांची आशा होती.

या महिन्यात सुहासरावांना एक नाद लागला. दुपारचं जेवण झालं, वैजूला कुशीवर वळवलं, की ते पंचायतीत जाऊन काचेसमोर बसत. घरच्या माणसाला तशी मुभा होती. समोर त्यांच्याच वयाची नात. दोघं गुडघ्यांना कुठलं तेल बरं यावर वाद घालत. ती सांगे, "लहानपणी तुझो चष्मो मी मोडलंय, आणि नाव कुत्र्याचा घेतलंय." सुहासराव पोट धरून हसत. घरात वैजू गप्प, सून गप्प. इथे मात्र वैजूची हनुवटी त्यांच्याशी बोलत होती, तीही वैजूसारखी मान तिरकी करून. ते घरी येऊन वैजूला यातलं काही सांगत नसत. का नसत, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी ते जाऊन बसले, तर काचेत साडीऐवजी सुती झगा घातलेली, ताठ बसलेली एक नीटनेटकी बाई.

"नमस्कार," ती म्हणाली. "आपण सुहास पालव ना? बाबांचे वडील."

सुहासरावांनी मागे वळून बघितलं, आपल्या मागे आणखी कोणी आहे की काय.

"गो मिकू, असा काय बोलतंस?"

ती गोड हसली. समजलं नाही, पण दुखवायचं नाही, अशा वेळी माणूस हसतं तशी. "माफ करा, मला मालवणी तितकंसं कळत नाही. मोठी झाले पनवेलला."

"फेरगणन झालंय, आबा," बोधी टेबलामागून हळूच म्हणाला. "आपला ठराव यंत्रात गेला. पाणी बदललं."

सुहासरावांची जीभ पुस्तकी झाली. "गुडघे कसे आहेत?"

"उत्तम! मी रोज पोहते ना."

"सुखात आहेस?"

"अगदी. दोन मुलं, छोटीशी बाग, मैत्रिणी. काही कमी नाही."

ती खरंच सुखात होती. खोटं बोलत असती, एखादं दुःख लपवत असती, तर सुहासरावांना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"आजी आठवते?"

"फोटो आहे आमच्याकडे. खुर्चीत बसलेल्या आहेत त्या." तिने जरा विचार केला. "माझं मत मात्र केंद्रालाच हं. वृद्धांची सोय झालीच पाहिजे. गाव कुठलंही असो."

गाव कुठलंही असो. सुहासराव उठले. तसेच काचेपाशी गेले. चौकटीच्या कडेला, वीजमीटरवर असतो तसला एक काटा होता.

"बोधी, ह्यो खाली येता?"

"नुसतं बघायला आणता येतो. मताला लावायचा तर पालकाची सही लागेल. पण आबा, अजून कुणीच..."

"माका म्हायत आसा."

आयुष्यभर खांबांवर चढून जिवंत तारा हाताळलेला माणूस, पण तो बोटभर काटा त्यांनी दोन्ही हातांनी धरून खाली आणला. त्यांनी मनातल्या मनात रवळनाथाला सांगून टाकलं, आयुष्य कमी करत नाहीय रे देवा, नुसतं बघतोय. आणि बोधीला म्हणाले, "शाळा चालू धरून होड्ये सोड."

काचेत अठरा वर्षांची एक पोर उभी राहिली. पाठीला सॅक, केसांची एक बट निळी, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात बूट चढवत होती.

"बोल आबा, पटकन. माझी गाडी सुटतली."

"खंय चललंस?"

"भायर! शिकाक."

"म्हणजे गाव सोडतलंस?" सुहासराव काचेवर ओरडले. "मगे शाळा ठेवन फायदो काय? केंद्रच बरा!"

पोर बूट चढवायची थांबली. "भायर जावक खंयसून तरी निघाचा लागता मा, आबा! आणि परत येवचा झाला, तर खंय येवचा ताय म्हायत होया." तिने मान तिरकी केली. "आजी काय म्हणता?"

"आजी? ती बोलाक नाय शकणा."

"बोलाक नाय शकणा. ता माका म्हायत आसा. पण तू तिका इचारलंस?"

सुहासरावांनी विचारलं नव्हतं. गावात वैजूच्या नावाने भाषणं झाली होती, हात वर झाले होते, नंदू तावड्यांनी तर तिच्या नावाने गाऱ्हाणंही घातलं होतं. खाटेशी जाऊन तिला विचारावं, हे कुणाला सुचलं नव्हतं, आणि चाळीस वर्षांचा संसार असून नवऱ्याला तर मुळीच नाही.

घरी येऊन ते खाटेच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. रोजच्या दुपारच्या गप्पा, गुडघ्यांचं तेल, पनवेलची ती सुखी बाई, खुर्चीतला फोटो, निळी बट. वैजू डोळे मिटून ऐकत होती. तेलाच्या वादाला तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. फोटोचं ऐकून तिने डोळे उघडले.

"केंद्र नाय झाला, तर तुका सेवासदनात जावचा लागतला. म्हायत आसा मा?"

तिने पापण्या मिटल्या. म्हणजे हो.

"मगे काय करूया? केंद्र?"

तिने डावा हात उचलला आणि सुहासरावांच्या गुडघ्यावर असा काही हाणला की ते कळवळून उठले. त्या हातात अजून इतका जोर असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. मग तोच हात तिने दाराकडे केला. दाराबाहेर, रस्त्याकडे, पंचायतीकडे.

"सभेक येतंस?"

पापण्या मिटल्या.

काटा अठरावर, शाळा चालू धरून, अशा अर्जावर रिद्धीने सही केली तेव्हा तिचा हात थांबला नाही, पण सही झाल्यावर तिने मिहिकेला जवळ ओढून तिच्या कपाळावरचे केस उगीचच मागे सारले. शहरात वाढली तरी आई ती आई.

दुसऱ्या सभेला काचेत दहा म्हातारे आणि एक निळ्या बटेची पोर. गलका उठला. "आयुष्य तोडलास नातीचा!" मंजिरी राणे किंचाळल्या. "रवळनाथ बघता हां, सुहास!"

सुहासराव उभे राहिले. "मी सगळ्यांका सांगतंय, काटे खाली करा. ही आमची पोरां नाय, ही आमीच. आमी आरशात आमकाच बघून हात वर केलेले. म्हाताऱ्या माणसाक म्हातारपणच दिसता, आमचा असो नायतर पोरांचा."

"चांगला बोललंस," नंदू तावडे उठले. आज त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "पण माका एक सांग. माझो झील, एकुलतो पोरगो, मस्कतात. माका सून नाय, नात नाय. मी पडान रवलंय तर माका कूस कोण बदलतलो? शाळा?"

सुहासरावांनी उत्तर असल्याचं सोंग केलं नाही. ते खाली बसले.

ग्रीष्माताईंनी मत पुकारलं. केंद्रासाठी हात वर झाले, काचेतल्या दहांचे, नंदूदादांचे, मंजिरीताईंचे, बऱ्याच जणांचे. मग शाळेसाठी. रिद्धीचा हात. काचेतल्या पोरीचा. सुहासरावांचा, कोपरात वाकलेला, अर्धवट. अजूनही त्यांना तो वर नेववत नव्हता.

तेवढ्यात दारातल्या चाकाच्या खुर्चीत हालचाल झाली. वैजयंती पालवांनी आपला डावा हात हळूहळू वर नेला, डोक्याच्याही वर, आणि तिथेच ठेवला. सभेतली निम्मी माणसं तिच्यासाठी केंद्र मागत होती. ती वळून तिच्याकडे बघू लागली. आधी एका कोपऱ्यातून हात वर आला, मग मागच्या रांगेतून काही. मंजिरी राण्यांनी आपला हात मांडीखाली दाबून धरला होता, तो बाहेर आला. सुहासरावांचं कोपर सरळ झालं.

ज्यांनी हात बदलला त्यांची आधीची मतं खोडून ग्रीष्माताईंनी पुन्हा मोजलं, आणि दोन हातांच्या फरकाने शाळा राहिली. त्या दोन हातांतला एक डावा होता.

नंदू तावडे खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, माझा केंद्र घालवलात तुमी," ते म्हणाले, आणि तसंच रागारागाने मागे जाऊन त्यांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या. पंचायतीच्या उतारावरून त्यांनीच ती सांभाळून खाली नेली, कुणाला हात लावू दिला नाही.

सेवासदनाची गाडी पुढच्या आठवड्यात आली. तिथे जोडीने राहायची सोय होती, तेव्हा सुहासरावांनीही आपली पिशवी भरली. नात गावात राहावी म्हणून ज्यांनी हात वर केले, तीच दोघं गावातून निघाली. असलं गणित काचेलाही सुटलं नसतं. बोधी विचारायला आला होता, जाण्याआधी एकदा काचेत डोकावताय का? पुन्हा फेरगणन झालंय. सुहासराव नको म्हणाले.

मिहिका गाडीतून उतरायलाच तयार होईना. "माका रस्तो बघूचो आसा. मी रोज येतलंय."

"रोज नाही, रविवारी," रिद्धी म्हणाली, आणि परत आणायला तिच्याशेजारी चढून बसली.

गाडी गावाबाहेर पडली. मिहिका आजीच्या स्ट्रेचरला टेकून खिडकीला नाक लावून बसली आणि रस्त्याच्या कडेची एकेक पाटी मोठ्याने वाचू लागली. नुकतं जोडाक्षर शिकलेली पोर, धापा टाकत वाचत होती. "सा-य-कल... दु-रुस्-ती. खत व... बि-या-णे. को-कम... सर-बत."

सुहासरावांचं लक्ष वैजूकडे गेलं. तिचे डोळे नातीच्या तोंडावर खिळले होते. 'को' म्हणताना नातीचे ओठ गोल झाले, आणि मागोमाग वैजूचेही, डावीकडून, अर्धे. आवाज आला नाही. पुढच्या पाटीला ते पुन्हा हलले. मिहिकेला यातलं काही ठाऊक नव्हतं. गाडी वेगाने चाललेली, आणि पुढची पाटी अर्धी वाचून होते तोच ती मागे निघून गेली. वैजूचे ओठ तसेच अर्ध्या शब्दावर उघडे राहिले.

सुहासरावांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा हळू हाक रे," ते म्हणाले. "पाटी वाचून होऊंदे."